शांत आवाजाच्या बाई

७ जानेवारी, मंगळवार

रेडिओच्या निर्मातीबाई म्हणाल्या, एक वही ठेवा. दिवसभरात जे दिसेल, कानावर पडेल ते थोडक्यात लिहीत जा, म्हणजे कार्यक्रमात उदाहरणांना तोटा पडणार नाही. तेव्हा ही वही. पहिल्या पानावर काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून दुसऱ्या पानापासून सुरुवात केली आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात फोन घेते. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, रस्त्यात पाइप फुटलाय, तुमचा माणूस अजून आला नाही. गेल्या महिन्यात मोठी जलवाहिनी फुटली आणि अर्धं शहर कोरडं पडलं, तेव्हा रेडिओवाल्यांनी माहितीसाठी फोन लावला, तो माझ्या टेबलावर आला. मी रोजच्यासारखं बोलले. त्यांनी ते दिवसभर वाजवलं. लोकांनी म्हणे कळवलं, पाणी उशिरा आलं तरी चालेल, पण या बाईंना बोलू द्या, किती शांत आवाज आहे. आता त्यांचा शनिवारी सकाळी एक कार्यक्रम असतो. शेजारीपाजारी, रांगा, गोंगाट, मुलं, म्हातारी माणसं, असे रोजचे प्रश्न. त्यात मी दर आठवड्याला बसावं असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. निर्मातीबाई म्हणाल्या, तेच तर हवंय, तज्ज्ञांना लोक कंटाळलेत.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

घरी आम्ही दोघी, मी आणि आई. आई म्हणजे सासूबाई. नवरा गेल्या उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून घरात आवाज असतो तो फ्रिजवरच्या रेडिओचा. स्टेशन कोणी बदललेलं नाही.

आईंना सांगितलं, मला रेडिओवर बोलवलंय. त्यांनी विचारलं, “कुठल्या?” म्हटलं, “आपल्याच.” “बरं,” म्हणाल्या आणि शेंगा सोलत बसल्या.

११ जानेवारी, शनिवार

पहिला कार्यक्रम झाला. खोली लहान, भिंतींना जाड कापड, मध्ये काच. काचेपलीकडे निर्मातीबाई, अलीकडे मी आणि निवेदक. निवेदक चांगला आहे, पण माइक सुरू झाला की त्याचा आवाज एकदम वाढदिवसाला आल्यासारखा होतो.

नियम सांगितले. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, तो कुठून बोलतोय तेही विचारायचं नाही, लोक बिचकतात. त्याला घरातला रेडिओ बंद करायला सांगायचं, नाहीतर आवाज घुमतो. आणि सगळ्यात मोठा नियम, गप्प बसायचं नाही. रेडिओवर कोणी गप्प बसलं की लोकांना वाटतं यंत्र बिघडलं.

पहिलाच फोन घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, “कुठून बोलताय?” आमच्याकडे तोच पहिला प्रश्न. पत्ता कळल्याशिवाय माणूस कुठे पाठवणार? काचेपलीकडे निर्मातीबाईंनी दोन्ही हात असे हलवले की मला वाटलं आग लागली.

विषय होता वरच्या मजल्यावरचा आवाज. एक गृहस्थ सांगत होते, वरची मंडळी पहाटेपासून खुर्च्या सरकवतात. मी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत त्यांना परत सांगितलं. केंद्रात आम्हाला हेच शिकवतात. आपली तक्रार दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की निम्मी माणसं तिथेच निवतात. हे गृहस्थही निवले. मग मी म्हटलं, खुर्च्यांच्या पायांना लावायच्या रबरी टोप्या मिळतात, त्या घेऊन वर जा, भांडायला जाऊ नका. निवेदक म्हणाला, वा. एवढ्यात वा म्हणण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

घरी आले. आई म्हणाल्या, “आवाज स्वच्छ आला.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “कोरडा वाटला जरा.”

“पुढच्या वेळी पाणी पिऊन बसते,” मी म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

केंद्रात सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो त्याला आम्ही हवामान खातं म्हणतो, कारण साहेबांचा मूड, पगाराची तारीख, पाणी कधी सुटणार, सगळ्याचे तो अंदाज सांगतो आणि सगळे चुकतात. तो म्हणाला, “आता तुमची सही घेऊन ठेवतो, पुढे महाग होईल.”

दुपारी त्याने चहा आणला. मी प्यायला लागले तर माझ्याकडे बघतच राहिला. “अहो, आत्ता उकळीवरून उतरवलाय. तुमचं तोंड आहे की किटली?” माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो आपला फुंकत बसला होता.

उदाहरण म्हणून यात काही नाही.

१८ जानेवारी, शनिवार

विषय रांगेत घुसणारी माणसं. बरा झाला. एका बाईंनी फोनवर सांगितलं, तुमचा आवाज ऐकला की डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. मी आभार मानले. मला त्या आवाजाचं काही वाटत नाही. तो आधी असा नव्हता, हे मला माहीत आहे. आधी मी फोनवर भांडायचे सुद्धा.

संध्याकाळी नणंदबाईंचा फोन. त्या दुसऱ्या गावी असतात. म्हणाल्या, “वहिनी, तू किती दिवस एकटीने करणार? आईला मी घेऊन जाते. मुलांच्या परीक्षा झाल्या की मार्चमध्ये येते न्यायला.” त्यांचं बरोबर आहे. मुलीचं घर, नातवंडं, दुपारी बोलायला कोणीतरी. इथे मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते आणि आले तरी काय.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुला काय वाटतं?”

“तुम्हाला तिथे बरं पडेल.”

“ते झालं. तुला काय वाटतं?”

मी विचार केला. खरंच केला. म्हटलं, “मला वाटतं तुम्हाला तिथे बरं पडेल.” आईंनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. ऐकू कमी येत असावं, कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

२६ जानेवारी, रविवार

आईंना जाण्याबद्दल शंका आहेत, त्या मी एकेक करून सोडवते आहे. नणंदबाईंच्या न्हाणीघराची फरशी निसरडी आहे म्हणाल्या. त्यांनाच फोन करून खाली जाळीची चटई घालून घेतली. तिथलं पाणी जड आहे म्हणाल्या, त्यावर गाळणी पाठवली. तिथला पलंग उंच आहे म्हणाल्या, तर जावयांनी पाय कापून ठेंगणा केला, माणूस हौशी आहे. आमच्या भाषेत, तक्रारी निकाली निघाल्या. प्रत्येक वेळी आई म्हणतात, “बरं.” मग दोन दिवसांनी नवीन काहीतरी काढतात.

म्हातारी माणसं बदलाला घाबरतात, यावर कार्यक्रम होऊ शकतो. निर्मातीबाईंना सांगेन.

१ फेब्रुवारी, शनिवार

निर्मातीबाईंना विषय फार आवडला, आजच घेतला. मी आईंचं उदाहरण दिलं, नाव न घेता. माझ्या ओळखीतल्या एक वयस्कर बाई, असं म्हटलं. निसरडी फरशी, जड पाणी, पलंग. निवेदक खूप हसला. मी सांगितलं, अशा वेळी चिडू नका, प्रत्येक अडचण खरी आहे असं धरून चाला आणि सोडवा, हळूहळू अडचणी संपतात.

घरी आले तेव्हा आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हटलं, बरं नाही का? म्हणाल्या, “ओळखीतल्या बाईला काय धाड भरलीय?” आणि त्याच हसल्या. मग मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. रागावल्या नाहीत, हे चांगलं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी बोलवलं होतं. विषय माणसामाणसांतला संवाद हरवत चालला आहे का. आम्ही सहाजण आणि सूत्रसंचालक. माझ्या चेहऱ्यावर तांबूस पावडर लावली, ती कपाळावरून खाली यायला लागली. सहाहीजण एकदम बोलत होते, म्हणजे मी सोडून पाच. संवाद हरवलेला नाही असं ज्यांचं मत होतं ते तर दुसऱ्याला श्वास घेऊ देत नव्हते. शेवटी सूत्रसंचालक माझ्याकडे वळला, म्हणाला, एका वाक्यात सांगा, आणि जाहिराती लागल्या.

हवामान खात्याचा अंदाज होता की मी टीव्हीवर गाजणार. आईंना विचारलं, पाहिलंत का. त्या म्हणाल्या, “पाहिलं. तू कोणाकडे बघत होतीस?” म्हटलं, “कोणाकडे नाही.” “हो,” म्हणाल्या, “तेच.”

आता टीव्हीला जायचं नाही, कानाला खडा. रेडिओवर निदान काच असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा विषय घरातल्या घरात बोलणं. ज्यांना स्वतः बोलायचं नसतं ते निर्मातीबाईंकडे फोनवर प्रश्न ठेवतात, त्या चिठ्ठीवर लिहून देतात आणि निवेदक वाचतो. आज एक वेगळाच होता. ‘घरातलं माणूस गेलं. मागे राहिलेले त्याचा विषय काढत नाहीत. त्याचं नावही कोणी घेत नाही. आपण काढला तर दुसऱ्याला त्रास होईल, असं प्रत्येकाला वाटतं. मग आधी कोणी बोलायचं?’

निवेदकाने माझ्याकडे जरा बिचकत पाहिलं. माझं त्याला ठाऊक आहे. पण मला उत्तर देताना काही अडचण आली नाही. म्हटलं, मोठ्यांनी आधी बोलावं. लहान माणूस मोठ्याच्या काळजीने गप्प असतं, म्हणून मोकळीक मोठ्याने द्यायची. आणि एकदम मोठं काही बोलायला जाऊ नये. त्या माणसाच्या एखाद्या सवयीवरून, घरातल्या एखाद्या बारीकशा गोष्टीवरून सुरुवात करावी, पुढचं आपोआप येतं.

निर्मातीबाईंचे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही कुठून आणता हे? मी म्हटलं, सुचलं. त्या घरातल्या माणसांना उपयोग झाला तर बरं. किती घरांत असेल असं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल सुटीत धुतलेले कपडे तसेच राहिले होते, ते संध्याकाळी आवरले. आई चादरींच्या घड्या घालत होत्या. एक चादर हातात धरून म्हणाल्या, “त्याला घडी कधी सरळ जमली नाही. एक टोक नेहमी बाहेर.”

पाहिलं तर खरंच चादरीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांच्या हाताला कंप आहे हल्ली. म्हटलं, “द्या इकडे,” आणि सगळ्या घड्या नीट घालून कपाटात ठेवून टाकल्या. आई रिकाम्या हातांनी तशाच बसून राहिल्या. एवढ्याने दमतात. नणंदबाईंना सांगायला हवं, त्यांना कपड्यांचं काम देऊ नका.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहाला बसलो होतो. आई म्हणाल्या, “तो कप हातात धरून बसून राहायचा. पार निवला की प्यायचा.” मी त्यांचा कप पाहिला, साय धरली होती. उठून गरम करून आणून दिला. त्यांनी तो प्यायला आणि कप विसळून ठेवला.

आईंच्या अलीकडे बारीकसारीक तक्रारी वाढल्यात. जाण्याचा दिवस जवळ येतोय म्हणून असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

स्वयंपाकघरातला नळ. तो पूर्ण बंद केला की टपकतो. बंद करून मग पुन्हा उलटा जरासा सोडायचा, तेव्हा थांबतो. ही युक्ती घरातल्यांनाच माहीत. पाहुणे आले की त्यांना नळाला हात लावू द्यायचा नाही, अशी पद्धत होती. पाणीखात्यातल्या बाईच्या घरचा नळ गळतो, म्हणून चिडवणंही व्हायचं.

काल आई भांडी घासता घासता म्हणाल्या, “हा उलटा सोडायचं त्यानेच शोधून काढलं होतं. मला म्हणाला होता, आई, याला जबरदस्ती केली की हा रडतो.”

मला लाजच वाटली. रोज लोकांचे नळ दुरुस्त करून देते आणि घरातला इतकी वर्षं तसाच. आज केंद्रातल्या फिटरला जाता जाता घरी यायला सांगितलं. त्याने हातासरशी नवीन नळ बसवला. चांगला पितळी आहे, एका बोटाने फिरतो. टिपूस गळत नाही.

आई नळाकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग फिटर निघाला तेव्हा त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या आणि जुना नळ मागून घेतला. पुसला, फडक्यात गुंडाळला आणि न्यायच्या बॅगेत तळाशी ठेवला. मी म्हटलं, “आई, तिकडे नळाचं काय करणार?”

“असू दे,” म्हणाल्या.

म्हातारपणी माणसं काहीबाही जमवतात. उदाहरण होऊ शकतं.

१ मार्च, शनिवार

विषय मुलं आणि मोबाइल. कार्यक्रम नेहमीसारखा. मी सांगितलं, मुलं काय बोलतात त्यापेक्षा कशासाठी बोलतात ते ऐका. निवेदकाला ते इतकं आवडलं की त्याने दोनदा म्हणून दाखवलं.

परतताना बस चुकली म्हणून चालत आले. आमच्या गल्लीत खालच्या दुकानाच्या काचेत एक बाई येताना दिसली, पिशवी घेतलेली. मी बाजूला झाले तिला वाट द्यायला. मग कळलं ती मीच. हे कार्यक्रमात सांगायचं नाही.

८ मार्च, शनिवार

आज कार्यक्रम सोडून घरी थांबले, आईंचं सामान बांधायचं होतं. औषधं सकाळ-संध्याकाळची वेगळी केली. स्वेटर, शाल, चष्म्याचं जादा घर. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तोही कागद ठेवला. नणंदबाई सतरा तारखेला येतायत, त्याच दिवशी दुपारी परत.

आई स्टुलावर बसून बघत होत्या. “किती नीटनेटकं करतेस गं,” म्हणाल्या. हे कौतुकच होतं, पण ऐकायला तसं लागलं नाही. मग म्हणाल्या, “मी गेल्यावर रेडिओ लावशील?”

“लावेन की.”

“तू तर तिकडे बोलत असशील. इकडे ऐकणार कोण?”

मी बॅगेची चेन लावली.

रात्री जेवताना वाटलं, सतरा तारखेनंतर एकच ताट, किती कमी घासावं लागेल. एवढंच वाटलं. बाकी काही वाटतंय का म्हणून थोडी थांबले. नाही. हे लिहून ठेवते, कारण आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१२ मार्च, बुधवार

केंद्रात एका माणसाने फोनवर अर्धा तास शिव्या दिल्या. त्याच्या घरी पाणी होतं. पाण्याचा प्रश्नच नव्हता. मी तक्रार काय आहे म्हणून तीनदा विचारलं, तर शेवटी म्हणाला, “तक्रार काही नाही हो,” आणि फोन ठेवून दिला. हवामान खातं म्हणालं, “त्याला बोलायचं होतं कोणाशी तरी.” मी म्हटलं, मग तसं सांगायचं ना. तो माझ्याकडे बघून गप्प बसला. तो गप्प बसला असा हा पहिलाच दिवस असेल.

१५ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

विषय होता घर बदलताना. निवेदकाने सुरुवात केली, मी दोन-चार गोष्टी सांगितल्या, सामान कसं लावावं, जुन्या शेजाऱ्यांचे नंबर जवळ ठेवावेत. निर्मातीबाईंनी काचेपलीकडून बोट वर केलं, म्हणजे फोन आहे.

“हॅलो.”

त्या एका शब्दात मी ओळखलं. मागून माझाच आवाज येत होता, अर्ध्या शब्दाने मागे पडलेला, आमच्या फ्रिजवरून. निवेदक नेहमीप्रमाणे म्हणाला, “आजी, घरातला रेडिओ जरा बंद करता का?”

“तो मी बंद करत नसते,” आई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “बाई, मी मागे तुम्हाला एक प्रश्न विचारला होता.”

आयुष्यात पहिल्यांदा आई मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या.

“माणूस गेल्यावर घरात आधी कोणी बोलायचं, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात मोठ्यांनी बोलावं. बारीकशा गोष्टीवरून सुरुवात करावी. मोठी मी, म्हणून मी केली. चादरीवरून बोलले, तर सुनेने घडी घालून ठेवली. चहावरून बोलले, तर तिने तो गरम करून आणला. नळावरून बोलले, तर नळच बदलला. गुणाची आहे हो. मी तोंड उघडलं की उठते आणि दुरुस्त करते. माझी काही तक्रार नव्हती, बाई. मला माझ्या मुलाबद्दल बोलायचं होतं.”

निवेदक पुढे झुकला होता, तो मागे टेकून बसला.

“परवा लेक न्यायला येतेय. सुनेने सगळं बांधून दिलंय. मी जाऊ की राहू, हे कोणाला विचारायचं ते तेवढं सांगा.”

मला पद्धत माहीत आहे. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत परत सांगायचं. मी म्हटलं, “तुमचं म्हणणं असं की,” आणि तिथेच थांबले. पुढचे शब्द तोंडात येईनात. चादर, चहा, नळ. मी चादर त्यांच्या हातातून ओढून घेतली होती. काचेपलीकडे निर्मातीबाई उभ्या राहिल्या. सगळीकडे शांत झालं. शहरभर लोकांना वाटलं असेल रेडिओ बिघडला. माझ्या कानात फक्त आमच्या फ्रिजची घरघर येत होती.

मग जे निघालं ते सवयीने निघालं. “कुठून बोलताय?”

या वेळी निर्मातीबाईंनी हात हलवले नाहीत.

“आपल्या घरून,” आई म्हणाल्या.

पत्ता कळला की आमच्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं असतं, माणूस पाठवते. ते ओठांवर आलंही होतं. मी म्हटलं, “फोन ठेवू नका. मी येते.”

कानावरचं काढून टेबलावर ठेवलं आणि निघाले. निवेदकाने गाणं लावलं. बसमध्ये कोणाकडे तरी रेडिओ चालू होता, त्यावर तेच गाणं होतं. पायऱ्या दोन-दोन करून चढले.

आई फ्रिजजवळ स्टुलावर बसल्या होत्या, रिसीव्हर कानाला तसाच. म्हटलं, “अजून धरून बसलात?”

“तूच म्हणालीस ना, ठेवू नका.”

मी तो त्यांच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. मग काय करायचं ते कळेना. स्वयंपाकघरात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि म्हटलं, “जाऊ नका. तुम्हाला तिकडे बरं पडेल हे खरं आहे. पण जाऊ नका. मला नाही राहता येणार.” आणि मग त्याचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत या घरात पहिल्यांदा. ते इथे लिहीत नाही, ते वहीसाठी नव्हतं.

आईंनी हात वर करून रेडिओ बंद केला.

नणंदबाईंना त्यांनीच फोन केला. “अगं, ये तू, पण राहायला ये,” म्हणाल्या. पलीकडून बरंच काही चाललं होतं, त्यावर म्हणाल्या, “हो, पलंग कापला ते वाईट झालं. जावयांना म्हणावं त्याचा दिवाण करा.” मी हसले. ते आपोआप आलं.

संध्याकाळी चहा आईंनी केला, मला उठू दिलं नाही. मी पहिला घोट घेतला आणि कप जवळजवळ हातातून सुटला. कढत होता. जीभ चांगलीच भाजली, अजून झोंबते आहे.

“बघ,” आई म्हणाल्या, “म्हणूनच तो निवू द्यायचा. लहानपणी अशीच भाजली होती त्याची, तेव्हापासून गरम प्यायलाच नाही कधी.”

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला वाटत राहिलं की तो पेपरात डोकं घालून चहा विसरतो. आईंचा कप त्यांच्या हातात तसाच होता, साय धरायला लागली होती. मी उठले नाही.

“कशी भाजली होती?” मी विचारलं.